अबोल माणसाची बढती: अप्रेझलच्या बैठकीपर्यंत आपले काम कसे पोहोचवावे

पुण्यातील हिंजवडी किंवा खराडी असो, नाहीतर नवी मुंबईतील ऐरोली असो, खासगी कंपन्यांच्या बहुतेक कार्यालयांत बढतीचा निर्णय ज्या बैठकीत होतो त्या बैठकीला, ज्याच्या बढतीचा प्रश्न आहे तो कर्मचारी हजर नसतो. एप्रिल ते मार्च असे वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सेल्फ-अप्रेझलचा, म्हणजे स्वतःच्या वर्षभरातल्या कामाच्या मूल्यमापनाचा, फॉर्म भरून घेतला जातो, त्यावर मॅनेजर आपले रेटिंग सुचवतो, आणि मग एका विभागातले सगळे मॅनेजर, त्यांचे वरिष्ठ आणि एचआरचा एखादा प्रतिनिधी एकत्र बसून ती रेटिंग्ज एकमेकांशी ताडून पाहतात. काही ठिकाणी याला कॅलिब्रेशन म्हणतात, काही ठिकाणी नॉर्मलायझेशन. यादी लांब आणि वेळ थोडा, त्यामुळे एकेका नावाच्या वाट्याला दोन-चार मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात तुमचा मॅनेजर तुमच्याविषयी काय बोलतो, आणि शेजारच्या मॅनेजरने ‘हा कोण? याचे नाव कधी कानावर आले नाही,’ असे म्हटल्यावर त्याच्यापाशी काय उत्तर असते, यावर पुष्कळ काही ठरते.

ही रचना नीट समजली की अंतर्मुख माणसाला चारचौघांकडून मिळणारा ‘जरा बोलत जा, मिसळत जा’ हा सल्ला किती अपुरा आहे ते लक्षात येते. निर्णयाच्या वेळी बोलका माणूसही त्या खोलीत नसतो. त्याचा फायदा एवढाच, की वर्षभरात त्याचे काम येता-जाता दहा जणांच्या कानावर पडलेले असते. तेव्हा स्वभाव बदलण्याच्या फंदात न पडता, आपल्या वतीने बोलणाऱ्याच्या हाती वेळेवर, नेमका आणि पुराव्यासह मजकूर देणे हेच खरे काम आहे, आणि ते बरेचसे लेखी करता येते.

रेटिंगची सक्तीची वाटणी आता गेली, असे अनेक कंपन्या सांगतात. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांची वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के अशी विभागणी गाजवली. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडील तशी पद्धत २०१३ मध्ये बंद केली. तरीही वरच्या बँडमधल्या, म्हणजे श्रेणीतल्या, जागा आणि पगारवाढीची रक्कम मोजकीच असते, म्हणून तुलना कोणत्या ना कोणत्या नावाने होतच राहते. ‘आपण बरे, आपले काम बरे’ हे धोरण या तुलनेत टिकत नाही.

आधी आपला अबोलपणा कोणता, ते पाहावे

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली, तेव्हापासून या शब्दांचा वापर फार सैल झाला आहे. कार्यालयात गप्प बसणाऱ्या माणसांत निदान तीन प्रकार दिसतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिला खरा अंतर्मुख. त्याला बोलता येते, पण दिवसभर माणसांत राहिल्यावर तो थकतो आणि विचार करून झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. दुसरा भिडस्त, त्याला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने तो थांबतो. ही धास्ती छातीत धडधड होण्यापर्यंत किंवा मीटिंग टाळण्यापर्यंत जात असेल, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार मोठा आहे आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. लातूर, जळगाव किंवा सोलापूरच्या मराठी शाळेतून आलेला, टपरीवर चहाच्या कपासोबत सगळ्यांना हसवणारा मुलगा क्लायंटच्या कॉलवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, आणि त्याच्या फॉर्मवर ‘पुढाकार कमी’ असा शेरा पडतो. तो अंतर्मुख नाही, त्याची अडचण इंग्रजीची आहे. त्याने स्वभावाविषयीचे सल्ले वाचण्यात वेळ न घालवता आपल्या कामातली नेहमी लागणारी वीस-पंचवीस वाक्ये लिहून काढून मोठ्याने घोकावीत: उशीर का झाला, काम कोठवर आले, कशाची वाट पाहत आहोत, प्रश्न पुन्हा सांगा. कॉलवरचे बहुतेक बोलणे याच साच्यांतले असते. सावकाश बोलल्याने वजन कमी होत नाही. उलट परदेशी क्लायंटला भरभर बोललेल्या इंग्रजीपेक्षा संथ इंग्रजी चटकन समजते.

कामाची नोंद: शुक्रवारची पंधरा मिनिटे

वर्षभराचे काम मार्चमध्ये आठवू म्हटले तर शेवटच्या दोन महिन्यांचेच आठवते. मॅनेजरचेही तसेच होते, आणि त्याच्यापुढे तर दहा-बारा जणांचे फॉर्म असतात. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे काढून त्या आठवड्यातल्या कामाची नोंद करण्याची सवय लावावी. नोंदीत चार गोष्टी हव्यात: अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केले, त्याने कोणाचे काय भले झाले, आणि त्याचा पुरावा कोठे आहे.

समजा, तुम्ही एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात पुरवठादारांची बिले पाहता. सेल्फ-अप्रेझलच्या फॉर्ममध्ये अंतर्मुख माणूस बहुधा असे लिहितो: ‘बिलांचे काम वेळेवर पूर्ण केले. टीमला सहकार्य केले.’ हे खोटे नाही, पण या वाक्यांवर कॅलिब्रेशनच्या बैठकीत कोणालाही बोलता येणार नाही. तीच नोंद अशी करता येते: ‘जुलैमध्ये जीएसटी क्रमांक जुळत नसल्यामुळे ९० बिले अडकली होती. अडकण्याची कारणे वेगळी काढून मी तपासणीची एक एक्सेल शीट तयार केली आणि खरेदी विभागाला बिल स्वीकारतानाच ती वापरायला लावली. सप्टेंबरअखेर अडकलेली बिले ११ वर आली. खरेदी विभागाच्या प्रमुखांची ४ ऑक्टोबरची मेल सोबत जोडली आहे.’ यात कोठेही स्वतःची टिमकी वाजवलेली नाही; घडले तेच सांगितले आहे. पुढे पुढे करण्याचा ज्यांना तिटकारा आहे त्यांना हा प्रकार मानवतो, कारण विशेषणे काढून टाकली आणि आकडे व तारखा ठेवल्या की बढाई उरत नाही.

येथे ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचाही विचार करावा. संकोची माणसे प्रत्येक वाक्यात ‘आम्ही केले’ लिहितात आणि वाचणाऱ्याला त्यांचा नेमका वाटा कळत नाही. टीमच्या कामाला ‘आम्ही’ आणि स्वतःच्या निर्णयाला ‘मी’, असे प्रामाणिकपणे वेगळे लिहावे. आपण टाळलेल्या संकटांची नोंदही विसरू नये. सर्व्हर बंद पडल्यावर रात्रभर जागणारा सगळ्यांना दिसतो, पण तो बंद पडू नये म्हणून तीन आठवडे आधी डिस्कची जागा मोकळी करणारा कोणालाच दिसत नाही. शांत माणसे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचे काम करतात, आणि ते लिहिले नाही तर झालेच नाही असे धरले जाते.

मॅनेजरशी ठरलेले बोलणे

अंतर्मुख माणसाचे बोलणे दहा जणांत अडखळते, पण समोर एकच माणूस असला की खुलते. म्हणून मॅनेजरबरोबर दर पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची भेट ठरवून घ्यावी आणि ती रद्द होऊ देऊ नये. भेटीच्या आदल्या दिवशी चार ओळींची मेल पाठवावी: काय पूर्ण झाले, काय अडले आहे, तुमच्याकडून कोणता निर्णय हवा आहे, आणि माझ्या मनात कोणता प्रश्न आहे. आधी लिहून ठेवल्यामुळे तुम्हाला शब्द शोधावे लागत नाहीत, आणि त्याच मेल्स पुढे मॅनेजरच्या हाती तयार साहित्य म्हणून राहतात.

वर्षातून निदान दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास, त्याला स्पष्ट विचारावे: ‘पुढच्या बँडसाठी माझ्यात काय कमी दिसते, आणि ते भरून निघाले हे तुम्ही कशावरून ओळखाल?’ प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ‘व्हिजिबिलिटी वाढवायला हवी’ असे गुळमुळीत उत्तर आले तर तेथेच थांबू नये. ‘म्हणजे कोणासमोर? कोणत्या कामातून?’ असे विचारावे. ‘डिलिव्हरी हेडच्या तिमाही आढाव्यात आपल्या टीमचा भाग तू मांड’ असे उत्तर निघाले, तर करण्याजोगे काहीतरी हाती लागते. भेटीनंतर ‘आज आपले असे ठरले’ अशी दोन ओळींची मेल पाठवावी. मॅनेजर मध्येच बदलला, आणि तो बदलतोच, तर नव्या माणसाला दाखवायला तीच मेल उपयोगी पडते.

जेथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात तेथे हे सोपे असते. ‘सर’ आणि ‘मॅडम’च्या कार्यालयात थेट विचारणे उद्धटपणाचे वाटण्याची शक्यता असते, तेथे ‘मॅडम, पुढच्या जबाबदारीसाठी मी काय तयारी करावी, याबद्दल आपले मार्गदर्शन हवे होते,’ अशी सुरुवात केली तरी प्रश्न तोच राहतो.

मीटिंगमध्ये

मीटिंगमध्ये सर्वांत जास्त बोलण्याची गरज नाही. एकदा, लवकर आणि मुद्द्याचे बोलणे पुरते. लवकर यासाठी, की पहिली दहा मिनिटे गप्प राहिले की तोंड उघडणे अधिकाधिक अवघड होत जाते आणि तुम्हाला जे सांगायचे असते ते तोवर दुसऱ्याने सांगून टाकलेले असते. विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्यावी, तिच्यातला एक विषय निवडावा आणि त्यावर एक आकडा किंवा एक प्रश्न तयार ठेवावा. ‘या तारखेत टेस्टिंगचे दिवस धरले आहेत का?’ एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळदा सगळी चर्चा रुळावर येते, आणि तो कोणी विचारला हे लोकांच्या लक्षात राहते.

कोणी मध्येच तोडले तर गप्प होऊन मनात कुढू नये. ‘वाक्य पूर्ण करते, मग तुम्ही बोला,’ हे शांत आवाजात म्हणता येते. आवाज चढवावा लागत नाही. तुमची कल्पना दुसऱ्याने स्वतःची म्हणून मांडली, तर भांडण न काढता तेथल्या तेथे जोड द्यावी: ‘बरोबर, मंगळवारी पाठवलेल्या टिपणात मी हेच सुचवले होते, त्याची पुढची पायरी सांगतो.’ यासाठी ते टिपण मंगळवारी खरोखर पाठवलेले असावे लागते. म्हणूनच मोठ्या मीटिंगच्या आधी अर्ध्या पानाचे टिपण सगळ्यांना पाठवणे हे अबोल माणसाचे सर्वांत कामाचे हत्यार आहे, असे माझे मत आहे.

लेखी मांडणी म्हणजे कमकुवत माणसाची पळवाट, असा समज असेल तर तो सोडावा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. तेथे सहा पानांपर्यंतचे टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण मुकाट्याने वाचतात आणि मग बोलतात. कल्पना सुचण्याच्या बाबतीतही येल विद्यापीठात १९५८ मध्ये झालेल्या प्रयोगात असे दिसले, की एकत्र बसून ब्रेनस्टॉर्मिंग करणाऱ्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना जास्त भरल्या. आपल्या मॅनेजरला ‘चर्चेआधी पाच मिनिटे सगळ्यांनी लिहून घेऊ या का?’ असे सुचवून पाहावे. तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे टीममध्ये असतातच आणि ते मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

मीटिंगचे इतिवृत्त लिहिण्याचे काम अंतर्मुख माणसाकडे आपोआप येते. ते घ्यावे की नाही, याचे उत्तर सरळ नाही. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख असे इतिवृत्त लिहून तुम्हीच पाठपुरावा करणार असाल तर त्याने अधिकार वाढतो. पण नुसते टिपून घेण्याचे काम असेल, आणि विशेषतः टीममधल्या एकट्या महिलेकडेच ते दरवेळी येत असेल, तर ‘आपण आळीपाळीने घेऊ या’ असे वेळीच सांगावे. भीड ही भिकेची बहीण, हे येथे अगदी लागू पडते.

शेजारच्या मॅनेजरने नाव ऐकलेले असावे

कॅलिब्रेशनच्या खोलीत तुमच्या मॅनेजरव्यतिरिक्त आणखी दोघांनी ‘हो, चांगली आहे ती,’ एवढे म्हटले तरी पारडे बदलते. त्यासाठी प्रत्येक वाढदिवसाचा केक आणि प्रत्येक टीम आउटिंग गाठण्याची गरज नाही. दोन किंवा तीन माणसे निवडावीत, ज्यांच्या टीमशी तुमच्या कामाचा खरोखर संबंध येतो, आणि त्यांची एखादी अडचण सोडवावी. तुम्ही लिहिलेली ‘हे कसे करावे’ अशी दोन पानी मार्गदर्शिका दुसऱ्या टीमने वापरली, की तुमचे नाव तुमच्या उपस्थितीशिवाय फिरते. आभाराची मेल आली तर ती मॅनेजरला पुढे पाठवताना ‘माहितीसाठी’ एवढेच लिहावे.

मोकळ्या, भिंती नसलेल्या कार्यालयात बसतो म्हणजे आपण दिसतो, असे मात्र मानू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भिंती काढून टाकल्यानंतर माणसांचे समोरासमोर बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले; लोक हेडफोन लावून मेल आणि चॅटकडे वळले. चहाला जाताना एकाच माणसाला सोबत घेणे हे दहा जणांच्या घोळक्यात उभे राहण्यापेक्षा अंतर्मुख माणसाला झेपते आणि अधिक फळते. कोणाशीच न बोलणारा माणूस मात्र आपल्याकडे अबोल ठरत नाही, ‘शिष्ट’ ठरतो. सकाळी नावानिशी केलेला नमस्कार हा गैरसमज बराचसा टाळतो.

बढती मागणे आणि पॅनेलपुढे बसणे

बढती मागायची वेळ मार्च नव्हे. अनेक कंपन्यांत नावांची पहिली यादी डिसेंबर-जानेवारीतच तयार होऊ लागते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विषय काढावा. ‘या चक्रात सीनियर अ‍ॅनालिस्टच्या बढतीसाठी माझे नाव द्यावे, अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षातल्या तीन कामांचे एक पान सोबत जोडले आहे,’ असे म्हणून थांबावे. थांबणे तुम्हाला जमते. बोलक्या माणसाला जमत नाही आणि तो शांतता भरून काढण्याच्या नादात स्वतःच्याच मागणीला सूट देऊन बसतो. नकार आला तर कारण आणि पुढची तारीख विचारून ती मेलवर नोंदवावी.

पॅनेलची मुलाखत असेल तर दीड-दीड मिनिटाच्या तीन हकिगती तयार कराव्यात: एक अडचण सोडवल्याची, एक मतभेद हाताळल्याची, आणि एक कोणाला शिकवून तयार केल्याची. त्या लिहाव्यात, मोठ्याने म्हणाव्यात आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकाव्यात. प्रश्न आल्यावर ‘अर्धा मिनिट विचार करून सांगतो’ म्हणायला हरकत नसते. मुलाखतीआधीचा तास मोकळा ठेवावा. त्याच दिवशी सकाळी दोन कॉल घेऊन थकलेल्या मेंदूने पॅनेलपुढे जाऊ नये.

बढती म्हणजे माणसांची टीम सांभाळणे, असेच प्रत्येक ठिकाणी नसते. अनेक आयटी कंपन्यांत आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा) किंवा तज्ज्ञ म्हणून वर जाण्याची वेगळी शिडी असते. मात्र तिच्या वरच्या पायऱ्यांवर प्रत्यक्षात माणसे आहेत का आणि त्यांचा बँड मॅनेजरच्या बरोबरीचा आहे का, याची चौकशी आधी करावी. कित्येकदा ही शिडी फक्त कागदावर असते. टीम घेतलीत, तर एक धोका लक्षात ठेवावा: सहकाऱ्याची शांतता लोक खपवून घेतात, पण साहेबाच्या शांततेचा अर्थ नाराजी असा लावतात. ‘मी बोलत नाही तेव्हा विचार करत असतो, काम आवडले नाही तर स्पष्ट सांगेन,’ हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे, आणि काम आवडले तर तेही सांगावे.

केंद्र सरकारच्या नोकरीत ही वाट थोडी वेगळी आहे. पूर्वीच्या गोपनीय अहवालातले अनुकूल शेरे कर्मचाऱ्याला कळतच नसत; देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असा निर्णय दिला आणि २००९ पासून संपूर्ण वार्षिक मूल्यमापन अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची पद्धत आली. अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यावर लेखी म्हणणे मांडता येते. संकोचामुळे ही मुदत अनेक जण वाया घालवतात, आणि स्वतःच्या कामाचा रकाना दोन ओळींत उरकतात. वर सांगितलेली शुक्रवारची नोंद तेथेही तितकीच उपयोगी आहे.

एवढे करूनही सलग दोन चक्रे तेच गुळमुळीत उत्तर मिळत असेल, तर दोष तुमच्या स्वभावाचा नसून त्या विभागात वरची जागाच रिकामी नसण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा कंपनीअंतर्गत बदली किंवा बाहेरची नोकरी पाहावी. रेझ्युमेसाठी लागणारा मजकूर तुमच्या नोंदींत तयार असतोच. फक्त त्या नोंदी स्वतःच्या शब्दांत, क्लायंटचे नाव आणि गोपनीय आकडे वगळून वेगळ्या लिहून ठेवाव्यात; कार्यालयाच्या मेल्स स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नयेत, कारण बहुतेक कंपन्यांत तो नियमभंग ठरतो आणि नोटीस पीरियडमध्ये नेमके तेच तपासले जाण्याची शक्यता असते.